शांताराम गोळे यांचं पदनाम

भूगावपासून पौडपर्यंतच्या रस्त्यावर आजही एखादी मोटारसायकल माझ्याजवळ येऊन थांबते. चालवणारा हेल्मेट काढतो आणि विचारतो, "काका, ओळखलं का? तुम्ही माझं नाव नेटवर टाकलं होतं." बहुतेक वेळा मला ओळख पटत नाही, तरी मी मान हलवतो. मग तो कुठल्या कंपनीत आहे, मुलं कितवीत आहेत ते सांगतो आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. आमच्या घरातली दिवाळीची मिठाई निम्मी अशाच लोकांकडून आलेली असते. बायको म्हणते, एवढं तर सख्खे नातेवाईकही करत नाहीत.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं, तेही याच ख्यातीमुळे. पिरंगुटच्या एका गाळ्यात बसून तुम्ही इतक्या लोकांना नोकऱ्या लावल्यात, त्यातल्या गमती लिहा, असं ते म्हणाले. गमती आहेत आणि त्या लिहितो. पण आधी एक दुरुस्ती. मी कुणाला नोकरी लावली नाही. ज्याची त्याने मिळवली, मी फक्त नावं टाकत होतो. आणि एका माणसाची हाताशी आलेली नोकरी मी घालवली. त्याचं नाव शांताराम गोळे. 'गोळेला क्षीरसागर सरांनी लावला,' असं लोक आजही माझ्याबद्दल म्हणतात. माझ्या सत्काराच्या भाषणातही कुणीतरी ते म्हणालं आणि मी हार घालून गप्प बसलो. तेव्हापासून ते मनात सलतंय.

मी मूळचा बार्शीचा. पोटासाठी इकडे आलो आणि पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात क्लार्क झालो. हजेरी, रजा, पगारवाढीचे कागद, नोकरीसाठी आलेल्या अर्जांची चाळणी, अशी कामं. कामगार मला 'भाऊसाहेब' म्हणायचे. २००१ साली कारखान्याला टाळं लागलं. मिळालेल्या पैशांत मी हार्डवेअरच्या दुकानाशेजारी एक गाळा घेतला, दोन कॉम्प्युटर मांडले आणि एक फोन घेतला. नेट त्याच फोनच्या तारेवरून यायचं. म्हणजे नेट चालू असलं की फोन बंद आणि फोनवर कुणी बोलत असलं की नेट बंद. हा तपशील लक्षात ठेवा, त्या एका फोनवर पुढचं सगळं उभं आहे.

मुलं चॅटिंग करायला येतील, तासावर पैसे मिळतील, एवढाच माझा हिशोब होता. मुलं आलीही. पण त्यांच्या मागोमाग त्यांचे बाप आले. बंद पडलेल्या कारखान्यांतले, चाळिशी ओलांडलेले, हातात अनुभवाचा दाखला घेऊन. हिंजवडीला कंपन्या येतायत आणि त्या अर्ज कागदावर घेत नाहीत, नेटवर नाव असेल तरच बोलावतात, हे त्यांना कळलं होतं. म्हणायचे, "भाऊसाहेब, माजं बी नाव टाका."

बाहेरच्यांसाठी हे काम थोडक्यात सांगतो. नोकरीच्या वेबसाइटवर प्रत्येकाचं एक पान असतं. नाव, शिक्षण, अनुभव, येणारी कामं, आणि सगळ्यात वर एका ओळीत, तुम्ही कोण ते. कंपनीतला माणूस पानं वाचत बसत नाही. तो एक-दोन शब्द टाइप करतो आणि ज्यांच्या पानात ते शब्द आहेत तेवढीच नावं त्याच्यासमोर येतात. तुमच्या पानात तो शब्द नसेल, तर तुम्ही कितीही हुशार असा, त्याच्या लेखी तुम्ही जन्मलेलाच नाही. अर्ज कसे बाजूला पडतात हे मला नीट माहीत होतं, कारण आयुष्यभर ते मीच बाजूला टाकत आलो होतो. ते ज्ञान आता उलट्या बाजूने कामाला आलं.

धंदा बदलणाऱ्याची अडचण अशी की कामाला दोन नावं असतात. एक करणाऱ्याचं, एक शोधणाऱ्याचं. घोटावड्याचा एक टेम्पोवाला होता. टेम्पो विकून त्याला नोकरी धरायची होती. म्हणाला, ड्रायव्हर लिहा. मी विचारलं, कुठल्या कारखान्याचा माल कधी उचलायचा हे कोण ठरवायचं? तोच. बदली गाडी कोण बघायचं? तोच. कागदपत्रं? तीही तोच. मग मी त्याच्या वरच्या ओळीत डिस्पॅच अँड ट्रान्सपोर्ट को-ऑर्डिनेशन असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तो म्हणाला, "शिवी तर न्हाई ना ही?" पुढे एका गोदामात त्याला काम मिळालं आणि तिथे तो स्वतःची ओळख याच शब्दांत करून देऊ लागला. घरी बायकोलासुद्धा, असं त्याच्या भावाने सांगितलं.

माझा नियम एकच होता. फुगवायचं नाही, फक्त शोधणाऱ्याच्या भाषेत लिहायचं. तो नियम मोडायची पाळी एकदाच आली, ती भूगावच्या बबनरावांमुळे. बबनरावांनी चांदणी चौकाकडची जमीन बिल्डरला दिली होती. घरासमोर नवी गाडी, गळ्यात साखळी, आणि दिवसभर काम काहीच नाही. त्यांचा जावई कॉम्प्युटर कंपनीत होता आणि त्याचं नाव नेटवर होतं. म्हणून त्यांनाही हवं होतं.

"काय काम करता असं लिहू?" मी विचारलं.

"काय न्हाई. बसतो."

"आधी काय करत होता?"

"आधी शेती. आता ती इकली. आता बसतो." मग जरा विचार करून म्हणाले, "डायरेक्टर लिवा."

"कशाचे डायरेक्टर?"

"ते तुमी बघा की. पैशे कशाचे घेता मग?"

शेवटी मी त्यांना विचारत बसलो की बसतात म्हणजे नेमकं काय करतात. कळलं की गावातल्या कुठल्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, कोणती भावकी कुणाशी बोलत नाही, कोणता बांध भांडणात आहे, हे सगळं त्यांना पाठ होतं आणि लोक विचारायला येत. मी लिहिलं, जमीनविषयक सल्लागार, भूगाव व परिसर. महिन्याभरात महाळुंग्याकडच्या एका बिल्डरने त्यांना बोलावलं. सहा महिन्यांनी बबनराव पेढे घेऊन आले आणि तक्रार केली, "तुमच्यापायी माजं बसनं बंद झालं."

अशी माणसं. त्यांच्यामुळे मला त्या गाळ्याचा कधी कंटाळा आला नाही.

आता सोमवारचं सांगतो. वेबसाइटची एक खोड होती. ज्याच्या पानात अलीकडे काही बदल झालाय, त्याचं नाव यादीत वर यायचं. पान तसंच पडून राहिलं की नाव खाली खाली जायचं. म्हणून दर सोमवारी सकाळी, कंपन्यांची ऑफिसं उघडायच्या आत, मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची पानं एकेक करून उघडायचो, कुठेतरी एखादा शब्द बदलायचो आणि जतन करायचो. पुढच्या सोमवारी तोच शब्द पुन्हा होता तसा. याचे मी पैसे घेत नसे. नेट इतकं हळू होतं की यात अर्धी सकाळ जायची. बायको म्हणायची, लोक सोमवारी पिंडीला पाणी घालतात, हे नावांना घालतात.

दुपारी मात्र मी नेट बंद ठेवायचो, कारण कंपन्यांचे फोन यायचे. इथेच ती चूक होती, जी आमच्यासारखेच लोक करू शकतात. बहुतेकांच्या घरी फोन नव्हता. मोबाइल तेव्हा साहेबलोकांकडे. म्हणून सगळ्यांच्या पानावर संपर्काचा नंबर माझ्या दुकानाचा. शिवाय तुम्हाला ओळखणाऱ्या एखाद्या जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर द्या, असंही त्या पानावर असायचं. आमच्या कारखान्यातल्या लोकांसाठी तो जबाबदार माणूस मीच. त्यामुळे तिथेही तोच नंबर. माणूस एक, साक्षीदार दुसरा, फोन एकच. आम्हा कुणालाही यात वावगं दिसलं नाही. गावात एका घरचा फोन साऱ्या आळीला चालतो, तसंच हे.

शांताराम गोळे मुठ्याचा. घरची थोडी भातशेती, पण ती भावांच्यात. आमच्या कारखान्यात तो हेल्पर म्हणून लागला आणि कारखाना बंद होईपर्यंत हेल्परच राहिला. म्हणजे कागदावर. तो लागल्यावर थोड्याच दिवसांत मूळचा स्टोअरकीपर सोडून गेला. नवा घ्यायचा तर पदवीधर घ्यावा लागेल, पगार वाढवून द्यावा लागेल. म्हणून वरून तोंडी हुकूम आला की गोळेला बघू दे सध्या. ते 'सध्या' अठरा वर्षं चाललं. माल उतरवून घेणं, मोजणं, लावणं, खात्यांना देणं, संपत आलं की वर्दी देणं, सगळं त्याच्याकडे. दरवर्षी पगारवाढीचे कागद मी भरायचो आणि त्याच्या नावापुढे हेल्पर टाइप करायचो. एकदा तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "भाऊसाहेब, यंदा तरी बदला." मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पद बदलायचा प्रस्ताव साहेबांसमोर ठेवणं माझ्या कामातच होतं. पण साहेबांना असले कागद आवडत नसत आणि मला साहेबांच्या कपाळावरची आठी आवडत नसे. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांचे अनुभवाचे दाखले मीच टाइप केले. त्याचाही केला. पदनाम, हेल्पर.

तो दाखला घेऊन तो माझ्या दुकानात आला. माझ्यावर त्याचा राग नव्हता. निदान मला दिसला नाही. त्याच्या पानावर मी वरच्या ओळीत स्टोअर्स असं लिहिलं. खरं तेच लिहिलं. आणि २००२ च्या पावसाळ्यात बालेवाडीच्या पलीकडच्या एका मोठ्या कंपनीतून त्याला बोलावणं आलं. त्यांच्या इमारतींना लागणाऱ्या सामानाचं स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखत चांगली झाली. परत येताना तो मुद्दाम उतरून दुकानात आला. त्याचे डोळे वेगळेच दिसत होते. म्हणाला, "भाऊसाहेब, दाखल्यावर हेल्पर हाय म्हनून अडलंय. म्या सांगितलं, भाऊसायबांस्नी इचारा. त्यांचा फोन यील. येवडं सांगा."

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. बाई बोलत होत्या, आवाज तरुण आणि नम्र. गोळे यांची वर्तणूक कशी होती, हजेरी कशी होती, हे त्यांनी विचारलं. मी मोकळेपणाने सांगितलं.

"दाखल्यावर हेल्पर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात काम स्टोअरकीपरचं होतं. तुम्ही सांगाल म्हणाले." आणि मी तोंड उघडायच्या आत, कागद चाळल्याचा आवाज आला. "एक मिनिट. हा नंबर तर कॅन्डिडेटचाच आहे. आपण नक्की कोण बोलताय?"

सगळं खरं सांगता आलं असतं. मॅडम, कारखाना बंद पडलाय, मी आता इथे दुकान चालवतो, या लोकांकडे फोन नाहीत म्हणून माझाच नंबर सगळ्यांना दिलाय. पण मला वाटलं, ही बाई मला गोळेचा भाऊबंद समजतेय. आता हा नंबर खोटा ठरेल आणि या नंबरवरच्या सगळ्यांची नावं बाद होतील. ही झाली माझ्या बाजूची सारवासारव. खरं कारण त्याच्याही आत होतं. वरच्या माणसाने आवाज चढवला की कागदाच्या आड लपायचं, ही माझी नोकरीतली सवय. बाईंनी तर आवाज चढवलाही नव्हता.

"मॅडम, मी पर्सोनेलमधलाच आहे," मी म्हणालो. "दाखल्यावर आहे तेच बरोबर आहे."

"म्हणजे हेल्पर?"

"दाखला मीच टाइप केलाय. हेल्पर."

त्या थँक यू म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, हे आवाजावरून कळलं. स्वतःला खरं ठरवायला मी गोळेला खोटं पाडलं होतं.

फोन खाली ठेवला तो हात पुन्हा फोनकडे गेला होता. पण उलट फोन करायला त्यांचा नंबर मी घेतलाच नव्हता. गोळेच्या मुलाखतीच्या पत्रावर तो असणार, त्याच्याकडून मागता आला असता. मागितला असता तर सांगावं लागलं असतं. मी मागितला नाही.

त्या आठवड्यात तो येऊन दारातूनच म्हणाला, "न्हाई जमलं." मी म्हणालो, दुसरीकडे बघू. त्याने एकदा टेबलावरच्या फोनकडे बघितलं आणि गेला. एरवी सोमवारी तो दुकानात एक चक्कर टाकायचाच, नंतरचे दोन सोमवार आला नाही. भाताची लावणी चालू असेल, असं मी धरलं. तिसऱ्या सोमवारी आला आणि म्हणाला, पानावरचा नंबर बदला, भाच्याने मोबाइल घेतलाय, तो टाका. मी बदलला. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

पोटापाण्यासाठी तो भूगावला एका चालू बांधकामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. सुटी सोमवारी. त्यामुळे दर सोमवारी तो दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा, माझ्या यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचायचा आणि मी ते पान उघडायचो. स्वतःचं नाव आलं की तो वाचत नसे, नुसता थांबायचा. मी समजून उघडायचो. माझ्या नोकरीत मला साहेबांनी कधी इतकी सोबत केली नाही, जेवढी या माणसाने त्या सोमवारांत केली. आणि मी त्याच्याकडे पाठ करून टाइप करत असायचो, ते मला सोयीचं होतं.

एवढं मात्र केलं की सगळ्यांच्या पानावरून माझा नंबर काढला. शेजाऱ्याचा चालेल, दूधवाल्याचा चालेल, पण वेगळा हवा. लोकांना वाटलं सरांनी नवी पद्धत काढली. दुसरा बदल एका गिऱ्हाइकाने शिकवला. भूगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अमरावतीच्या एक वैशाली मॅडम होत्या. शिक्षिका होत्या. मुलांसाठी काही वर्षं घरी बसल्या होत्या आणि आता कंपनीत नव्या लोकांना शिकवायचं काम त्यांना हवं होतं. मी सुचवलं, मधली वर्षं दिसणार नाहीत असं लिहू. त्या म्हणाल्या, "काका, ती वर्षं मी काही झोपले नव्हते. घरी होते असंच लिहा, आणि त्या काळात सोसायटीतल्या मुलांना शिकवलं तेही लिहा." तसं लिहिलं आणि त्यांना काम मिळालं. मला सुचलं की गोळेचंही असंच लिहायला हवं होतं. पद हेल्पर, काम स्टोअरकीपरचं, दोन्ही एकाखाली एक. विचारणाऱ्याला विचारायला जागाच राहिली नसती. पुढच्या सोमवारी त्याचं पान तसं केलं. त्याने वाचून घेतलं आणि म्हणाला, "ह्ये बरं झालं."

पण त्याला काम मिळालं ते या पानामुळे नाही, आणि हीच दुरुस्ती मला करायची आहे. तो ज्या बांधकामावर गेटवर उभा राहायचा, तिथला स्टोअरवाला एक दिवस न सांगता गावी निघून गेला. सिमेंटची गाडी दारात उभी. इंजिनियरने वॉचमनला विचारलं, मोजून उतरवून घेशील का? गोळेने घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. पुन्हा तेच 'सध्या' सुरू झालं. फक्त या वेळी महिन्याभराने तो स्वतः ऑफिसात गेला आणि म्हणाला, काम करतो ते नाव द्या, नाहीतर मी गेटवर बरा. त्यांनी नाव दिलं. २००६ साली त्याने माझ्या टेबलावर एक कार्ड ठेवलं. शांताराम गोळे, स्टोअर इन्चार्ज. म्हणाला, "ह्ये टाका नेटवर." मी टाकलं. यात माझा हात एवढाच.

पुढे घरोघरी नेट आलं, मग मोबाइलवर आलं. माझा गाळा ओस पडला, झेरॉक्सवर दिवस निघू लागले. २००९ साली गाळा सोडायचं ठरलं आणि मलाच नोकरी शोधायची वेळ आली. घोटावडे फाट्याच्या पुढे एक खासगी तंत्रनिकेतन निघालं होतं. मुलांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या खात्यात त्यांना माणूस हवा होता. अर्ज नेटवरून. म्हणजे आता माझं स्वतःचं पान. आयुष्यभर दुसऱ्यांची लिहिलेली, पण स्वतःचं लिहायला बसलो तर वरची ओळच जमेना. पर्सोनेल क्लार्क लिहिलं तर तो कारखाना राहिला नव्हता. सायबर कॅफेचा मालक लिहिलं तर तोही चालला होता. लिहायचो, पुसायचो.

सोमवारी गोळे आला. त्याचं पान ताजं करायची आता गरज नव्हती, तरी यायचा. मी लिहिलेलं त्याला मराठीत सांगितलं. शिक्षण, टायपिंगचा वेग, हुद्दे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्यात तुमी कुटंच दिसत न्हाई."

"मग काय लिहू?"

"लिवा की, धंदा बदलनाऱ्या लोकांची नावं नेटवर टाकली. दर सोमवारी ताजी केली, पैशे न घेता. एकदा न्हाई जमलं तर पुन्यांदा लिवून दिलं. कॉलेजाला दुसरं काय पायजे?"

तेच मी शोधणाऱ्याच्या भाषेत लिहिलं. मग ओळखणाऱ्या माणसाचं नाव द्यायची जागा आली. कुणाचं द्यावं?

"माजं द्या," गोळे म्हणाला. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "का? इन्चार्ज हाय म्या आता. आन् माजा नंबर येगळा हाय."

मी त्याचं नाव टाकलं. त्याच्या शेवटच्या वाक्यावर मी हसलो होतो, आता आठवलं की लाज वाटते.

तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. कागद बघून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या गोळ्यांशी बोललो. मजेशीर गृहस्थ आहेत. मी सगळ्यांना विचारतो तसं त्यांना विचारलं, या माणसाचा एखादा दोष सांगा. म्हणाले, फोनवर जरा घाबरत्यात. बाकी माणूस नीट हाय, घ्या." आणि प्राचार्य हसून म्हणाले, "इथे तर सगळं काम फोनवरच आहे. जमेल ना?"

मी जमेल म्हणालो. ते कसं म्हणालो ते मला ठाऊक नाही.

तिथून निघालो तो थेट भूगावला त्याच्या साइटवर गेलो. तो फरशीच्या पेट्या मोजून घेत होता. मला बघून त्याने हातानेच थांबा म्हणून खूण केली, मोजणी पुरी केली, मग आला. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच येळी. परत गेलो व्हतो कंपनीत. बाई म्हनली, तुमचं हापिसच हेल्पर म्हनतंय. हापिस तर बंद. मग फोन कुणी उचलला, ते मला कळंना व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"राग आला व्हता. दोन सोमवार आलो न्हाई. तुमच्या ध्यानात बी आलं नसंल."

"लावणी असेल असं वाटलं मला."

"लावणी कवाच झालती." तो पेटीवर बसला. "बायको म्हनली, जाऊन भांड. म्या म्हनलं, भांडलो तर ह्यो मानूस तोंड दावाया लाजंल आन् दुकान बंद करंल. मग माजं नाव कोन ताजं करनार?" मग म्हणाला, "आन् खरं सांगू का, दर सोमवारी बसायचो ते बगाया. कवा तरी सांगताल म्हनून. मग बसायची सवयच लागली."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, सांगता येत नाही. त्याने माणसाला हाक मारून दोन चहा सांगितले आणि विचारलं, नोकरी लागली का. लागली म्हटल्यावर म्हणाला, "मग पयला फोन आला की नीट बोला."

ती नोकरी मला पुढची बरीच वर्षं पुरली. रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीचा फोन यायचा. या मुलाने हे काम खरंच केलंय का, मधलं वर्ष कुठे गेलं, मार्कलिस्टवर एक आणि अर्जावर एक कसं. दरवेळी मी कागदावर काय आहे तेही सांगायचो आणि खरं काय आहे तेही. मिठाई घेऊन येणाऱ्यांत त्या मुलांची भर पडली. त्या मिठाईचा पहिला तुकडा कुणाच्या नावाने खायचा हे मला माहीत आहे.

हा लेख लिहिण्याआधी गोळेला फोन करून विचारलं, नाव छापू का? आता तोही घरी असतो, नातवंडांत. म्हणाला, "छापा की. पन नंबर नका टाकू, लोक नोकऱ्या मागाया फोन करतील."

अनुभवाचे दाखले कारखान्याच्या लेटरहेडवर द्यायचे असतात. तो कारखाना राहिला नाही, लेटरहेडही नाही. तेव्हा या अंकाचा कागद वापरतो.

दाखला देण्यात येतो की श्री. शांताराम गोळे, राहणार मुठा, तालुका मुळशी, यांनी आमच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअरकीपर म्हणून काम केलं. त्यांची वर्तणूक चांगली होती, माझ्यापेक्षा चांगली होती. आधीच्या दाखल्यातलं पदनाम चुकीचं आहे आणि ती चूक टाइप करणाऱ्याची आहे. कुणाला खात्री करून घ्यायची असल्यास मला फोन करावा. मीच उचलतो.